अर्धं जायला, अर्धं यायला

कुठेही निघण्याआधी ते गाडीसमोर उभे राहत, उजवा पंजा आडवा धरत आणि डाव्या हाताच्या कडेने त्याच्या बरोबर मध्यावर एकदा हलकेच मारत. "अर्धं जायला, अर्धं यायला," असं स्वतःशीच म्हणत आणि मग आत चढत. ऊन असो, रस्त्यात मोर्चा असो, हे केल्याशिवाय त्यांची गाडी हलली नाही. मी दुकानाच्या पायरीवरून रोज हे बघायचो आणि मला वाटायचं, हा माणूस कुणाला खूण तर करत नाही ना?

त्यांचं नाव सांगत नाही. ठाकूरद्वारला सगळे त्यांना काका म्हणत, तेवढं पुरे. मी तिथल्या बॅटरी चार्ज करून देणाऱ्या दुकानात कामाला होतो. टॅक्सीच्या बॅटऱ्या यायच्या, सभांच्या लाऊडस्पीकरच्या यायच्या. वय विशीतलं. स्वभाव संशयी, तेव्हाही आणि आताही. बायको म्हणते, दूधवाल्याने एखाद्या दिवशी दूध घट्ट दिलं तरी ह्यांना झोप येत नाही, का दिलं म्हणून. तिचं खरं आहे.

आमच्या इमारतीत हल्ली चार विजेच्या गाड्या आल्यात. लिफ्टमध्ये त्यांच्या मालकांचं बोलणं कानावर पडतं. एकजण पुण्याला जाऊन आला, पण घाट चढताना आकडा असा भराभर उतरला की बायकोने पंखासुद्धा बंद करायला लावला. दुसऱ्याचं चार्जिंगच्या जागेवरून सेक्रेटरीशी वाजलंय. तिसऱ्याच्या गाडीचा आवाजच येत नाही म्हणून वॉचमन दोनदा दचकून खुर्चीवरून उठला. मी गप्प ऐकतो. हे सगळं माझं एकदा ऐकून झालेलं आहे, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या दिवसांत, काकांच्या तोंडून.

तुम्ही म्हणाल, त्या काळात कुठली आली विजेची गाडी? पहिल्यांदा पाहिली तेव्हा मलाही खोटंच वाटलं होतं. ती गाडी वयाने माझ्याहून कितीतरी मोठी. काका तरुणपणी एका शेठकडे ड्रायव्हर होते. शेठच्या बायकोला पेट्रोलच्या वासाने ओकारी यायची, म्हणून शेठने बोटीवरून ही गाडी मागवली. तीस वर्षं काकांनी ती चालवली, तिच्या बॅटऱ्यांत पाणी घातलं. शेठ गेले, शेठाणी गेल्या, आणि मुलगे म्हणाले, "नेता का? नाहीतर भंगारात देतो." काका घेऊन आले.

दिसायला ती काचेच्या कपाटासारखी होती. चारी बाजूंना काचा, आत सोफ्यासारखी बैठक, स्टिअरिंगच्या चाकाऐवजी एक लांब दांडा, आणि कोपऱ्यात फुलं ठेवायला काचेचं नळकांडं. त्यात काकांची मुलगी रोज सोनचाफ्याचं फूल ठेवायची. बैठकीखाली बारा बॅटऱ्या. त्यांच्या ॲसिडचे थेंब उडून काकांच्या धोतराला जागोजागी भोकं पडलेली असायची. धोतर धुऊन पांढरंशुभ्र, पण भोकं मोजून घ्यावीत.

चाळीतल्या दोन खोल्यांत राहणाऱ्या माणसाच्या दारात मोटार उभी राहते, हेच मुळात लोकांना पचत नव्हतं. त्यात काकांनी सुरुवातीला गॅलरीतून वायर खाली सोडून ती घरीच चार्ज करायचा प्रयत्न केला. संध्याकाळी सगळ्या वाडीचे दिवे मिणमिणायला लागले. दुसऱ्याच दिवशी घरमालकाने वायर गुंडाळून हातात दिली. तेव्हापासून गाडी आमच्या दुकानासमोर उभी राहू लागली. संध्याकाळी सहाला यायची, आम्ही क्लिपा लावून दुकान बंद करायचो आणि सकाळी सोडायचो.

गाडीला आवाज नव्हता. म्हाताऱ्या बायका रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून भाजीचा भाव करायच्या आणि हे कपाट त्यांच्या पाठीशी येऊन थांबायचं. काकांनी मग एक पितळी घंटा लावली. तर लोक आरती सुरू झाली म्हणून वळून बघायला लागले. शेवटी ते काच खाली करून नुसतं म्हणायचे, "अहो, आलोय मी." तेवढ्याने काम व्हायचं.

वाडीतल्या एकाचं लग्न दादरला होतं. नवरदेवाला गाडीतून न्या म्हणून वडीलधारे काकांकडे गेले. काकांनी पंजा आडवा धरून मध्यावर हात मारला. म्हणाले, "दादरला नेईन की. नवरा पोचेल. पण मग आम्हालाही दादरलाच संसार थाटावा लागेल." बॅटऱ्या जुन्या झालेल्या, नवी असताना गाडी जेवढी जायची त्याच्या चौथाईही आता जात नव्हती. लालबाग-परळच्या पलीकडचं जग काकांच्या दृष्टीने नव्हतंच. शेवटी नवरदेव परळपर्यंत गाडीने आणि पुढे घोड्याच्या व्हिक्टोरियाने गेला.

एकदा भायखळ्याच्या पुलाजवळ हवालदाराने त्यांना अडवलं. दिवस गडबडीचे होते, फाउंटनचा गोळीबार होऊन गेलेला, पोलीस साध्या डबेवाल्यालाही डबा उघडायला लावत. काकांनी मला तो सगळा संवाद करून दाखवला होता.

"आवाज नाही, धूर नाही. चालते कशावर?"

"विजेवर."

"ट्रामला वर वायर असते. तुमची कुठंय?"

काकांनी बैठक उचलून बॅटऱ्या दाखवल्या. हवालदार चार पावलं मागे सरला. मग काकांनी पिशवीतून आपली काच काढली. काच म्हणजे हायड्रोमीटर, वर रबराचा फुगा असलेली काचेची नळी. तिने बॅटरीतलं ॲसिड ओढून घ्यायचं, आत एक तरंगणारी बारीक नळी असते, तिच्यावरचा आकडा वाचायचा. बाराशे साठ म्हणजे बॅटरी भरलेली, अकराशे चाळीस म्हणजे संपली. काकांनी हवालदाराला शाळेत शिकवावं तसं शिकवलं आणि शिकवता शिकवता एक थेंब त्याच्या खाकी चड्डीवर सांडला. दुसऱ्या दिवशी तिथे भोक पडलेलं. त्यानंतर तो हवालदार गाडी लांबून दिसली की हात हलवायचा, "जा बाबा, जा."

काकांना ही गोष्ट सांगताना फार हसू यायचं. मी मात्र एवढंच लक्षात ठेवलं की टॅक्सी अडवतात, हातगाड्या अडवतात, आणि ह्यांना पोलीस हात करून सोडतात.

आता मुलीबद्दल सांगायला हवं, कारण हे सगळं तिच्यासाठीच चाललं होतं. लहानपणी तापात तिचे पाय गेले. दोन्ही पायांना लोखंडी पट्ट्या, हातात काठी. ट्रामची पायरी तिला चढता येत नसे. पण शिवणकामात तिचा हात असा की ठाकूरद्वारच्या अर्ध्या नवऱ्यामुलींच्या चोळ्या तिने शिवलेल्या. तिला काळाचौकीच्या एका मुलींच्या शाळेत शिवणाच्या बाईंची जागा मिळाली, पण कच्ची. मोठ्या बाईंनी तोंडावर सांगितलं होतं, "वर्षभर वेळेवर येऊन दाखवा. एक दिवस जरी चुकलात तर मला दुसरी बाई बघावी लागेल."

काकांनी हे मला शंभरदा सांगितलं असेल. "मी आज आहे, उद्या नाही. ती कायम झाली की मी सुटलो," असं म्हणायचे. आई तिची लवकर गेलेली, भावंड नाही. काका सत्तरीला टेकले होते.

शाळा बारा ते पाच. आता हिशेब बघा. ठाकूरद्वार ते काळाचौकी गेलं की अर्धी वीज संपली. तिला सोडून घरी आले असते तर पुन्हा आणायला जाता आलं नसतं. म्हणून काका पाच तास तिथेच, शाळेच्या समोर गाडीत बसून राहायचे. डबा खायचे, थोडे पेंगायचे आणि मग एका वहीत काहीतरी लिहायचे.

मी राहायला काळाचौकीला होतो. आमचं दुकान सोमवारी बंद, त्या दिवशी गाडीच्या क्लिपा दुकानाचे मालक स्वतः लावायचे-सोडायचे, त्यामुळे दर सोमवारी मी काकांना तिथे बघायचो. आमचा भाग म्हणजे चळवळीचं घर. नाक्यावर सभा, चाळीचाळीतून पत्रकं, सकाळी फेऱ्या. आणि ह्या सगळ्याच्या मध्ये काचेच्या कपाटात एक म्हातारा बसून वहीत लिहितोय. माझा शेजारी बाबल्या गिरणीत होता, मालवणकडचा, चळवळीत पुढे. तो मला म्हणाला, "पाच तास गाडयेत बसान तो करता काय रे?"

"मुलीसाठी थांबतो," मी म्हणालो.

"लिवता काय पण?"



काका स्वतःही कमी संशयी नव्हते, हे सांगायला हवं. सकाळी मी बाराही बॅटऱ्या तपासून आकडा सांगितला तरी ते आपली काच काढून पुन्हा एकेक बॅटरी तपासायचे. "तुझ्यावर संशय नाही रे. पण बघितलेलं बरं." मला ह्याचा राग येत नसे, उलट बरं वाटे. आपल्यासारखाच कुणी भेटला की वाटतं तसं. असे दहा महिने गेले. मग एका सकाळी मी आकडा सांगितला आणि काकांनी पिशवीत घातलेला हात तसाच बाहेर काढला. म्हणाले, "तू बघितलंस ना? मग झालं."

त्या दिवसापासून त्यांनी पुन्हा काच काढली नाही. मी दिवसभर खूश होतो. संध्याकाळी मनात आलं, आजच हा माणूस माझ्यावर एवढा विश्वास का टाकायला लागला?

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आमच्या चाळीवर पोलिसांचा छापा पडला. एका खोलीतून पत्रकांचे गठ्ठे निघाले, तिघांना गाडीत घालून नेलं. चाळीत एकच प्रश्न, कुणी सांगितलं? जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होता. मला वही आठवली.

त्याच आठवड्यात बॅटऱ्यांत पाणी घालायला बैठक उचलली तर वही खाली पडलेली. काका मुलीला आणायला वाडीत गेले होते. मी उघडून वाचली. "सोम. काळाचौकी नाक्यावर जमाव, दोनशे तरी. चार वेळा. अकराशे ऐंशी. मंगळ. लालबाग, हवालदार सहा, वळसा. अकराशे सत्तर. बुध. सभेचा मंडप रस्त्यात. तीनला सुरू, पाचला गर्दी हलली नाही. अकराशे पंचावन्न." पानंच्या पानं अशी. एक पान मी बिडीच्या कागदावर उतरवून घेतलं आणि संध्याकाळी बाबल्यासमोर ठेवलं.

बाबल्याने दोनदा वाचलं. "म्हंजे खबरीच तो. माका आधीच संशय इलो होतो. आणि ह्यो आकडो कसलो?"

मी बिडीच्या कागदाची घडी सरळ करत राहिलो.

"कोणाच्या तरी बिल्ल्याचो नंबर आसतलो," बाबल्या म्हणाला, आणि मी मान डोलावली.

इथे जरा थांबा आणि माझ्याकडे नीट बघा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत अकराशे ऐंशी, अकराशे सत्तर हेच आकडे वाचून पोट भरणारा मी माणूस. झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं हे काय आहे ते. आणि मी मान डोलावली.

ठरलं ते असं. काकांना मारायचं वगैरे नाही, फक्त आमच्या भागात अडकवायचं आणि चार लोकांत विचारायचं. "मारूचा न्हय रे. इचारूचा," बाबल्या म्हणाला. अडकवणं माझ्या हातात होतं. बॅटऱ्या अर्ध्याच भरायच्या. गाडी जाईल, पण येणार नाही. मुलगी वेळेवर शाळेत पोचेल, तिचं काही बिघडणार नाही. मनाची ही समजूत मी स्वतःच घातली आणि मला ती पुरली.

संध्याकाळी गाडी आली. मी क्लिपा लावल्या आणि मालकांची पाठ वळताच चार्जरचा खटका अर्ध्यावर आणला. सकाळी काच बुडवली. अकराशे नव्वद. काका आले, मुलगी आत बसली, तिने नळकांड्यात फूल ठेवलं.

"बघितलंस?" काकांनी विचारलं.

"बाराशे साठ," मी म्हणालो.

त्यांनी पंजा आडवा धरला, मध्यावर हात मारला. "अर्धं जायला, अर्धं यायला." गाडी नेहमीसारखी आवाज न करता वळणावर दिसेनाशी झाली.

थोड्या वेळाने मी मालकांना काहीतरी सांगून दुकानाची सायकल काढली. मला बघायचं होतं. त्या दिवशी लालबागकडून मोर्चा निघाला होता. ट्राम ओळीने उभ्या, टॅक्सीवाले भायखळ्याच्या पुलाच्या अलीकडूनच माघारी फिरत होते. काकांना मात्र कुठल्या गल्लीतून काढायचं ते पाठ होतं, म्हणून ते दोन वळसे घालून पुलापर्यंत आले होते. त्या वळशांत आणि चढावात माझी अर्धी वीज संपली. पुलाच्या मध्यावर, उन्हात, ते काचेचं कपाट उभं होतं. मागे हातगाडीवाले ओरडत होते. एक शिपाई, आधीचा नव्हे, दुसराच, काठीने काच ठोकून म्हणत होता, "हटाव, हटाव."

मी वाट बघत होतो की आता पोलिसांतला कुणी मोठा येईल आणि आपल्या माणसाला सोडवेल. कुणी आलं नाही. काकांनी बैठक उचलली, पिशवीतून काच काढली आणि एकेक बॅटरी तपासली. बाराही तपासल्या. शेवटच्या बॅटरीनंतर ते काच डोळ्यांसमोर धरून बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी वही काढली आणि लिहायला लागले. मला वाटलं, बघा, अजूनही लिहितोय.

मुलगी खाली उतरली. तिने काठी घेतली आणि चालायला लागली. पट्ट्यांचा आवाज मला पुलाच्या कठड्यापर्यंत ऐकू येत होता. काकांनी गाडी तशीच सोडली, छत्री उघडली आणि तिच्या डोक्यावर धरून चालू लागले, स्वतः उन्हात. पुलापासून शाळा चांगल्या धडधाकट माणसाला पाऊण तासाच्या वाटेवर. माझ्या हातात सायकल होती. मागे कॅरिअर होतं. मी कठड्याकडे तोंड करून उभा राहिलो. मला आजही ह्याची लाज वाटते.

बाबल्या नाक्यावर माणसं घेऊन थांबला होता. संध्याकाळी घरी गेलो तर तो गॅलरीत बसलेला. म्हणाला, "दोघा चालत इली. दीड वाजता. पोरगी रडा नाय होती, पण घामान भिजली होती. त्या म्हाताऱ्याक मी काय इचारतलंय?" आणि आत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दोन हमाल गाडी ढकलत दुकानापाशी घेऊन आले. मागे काका. मी पायरीवरच उभा होतो. काकांनी मला हाताने जवळ बोलावलं आणि बैठकीवर वही उघडून ठेवली.

"हे बघ," ते म्हणाले. "दहा-अकरा महिन्यांचं लिहिलंय. रोज किती ठिकाणी थांबावं लागलं, कुठे हवालदाराने वळसा घालायला लावला, सभा किती वाजता सुरू होते आणि रस्ता किती वाजता मोकळा होतो. आणि घरी आल्यावर आकडा. गाडी थांबून पुन्हा निघाली की जास्त खाते, म्हणून गर्दीसुद्धा लिहितो. चार वेळा थांबलो तर अकराशे ऐंशी. मंडप असला, वळसा पडला तर अकराशे पंचावन्न. इतक्या महिन्यांत कधी ह्याच्या खाली गेलेली नाही. आणि काल? तू सकाळी सांगितलंस बाराशे साठ, आणि पुलावर अकराशे वीस. अर्ध्या वाटेत. असं होत नाही रे."

मी वहीकडे बघत होतो. कालच्या तारखेखाली पुलावर उभ्याने लिहिलेली वाकडीतिकडी ओळ होती. "दुकानातली काच बिघडली आहे. मुलाला सांगावे. आपली द्यावी."

"तुझी काच खोटं सांगते," काका म्हणाले आणि पिशवीतून आपली काच काढून त्यांनी माझ्या हातात ठेवली. "ही वापर. तीस वर्षं वापरतोय, कधी फसवलं नाही. उद्या दुसऱ्या कुणाची गाडी अशी अडकायला नको."

आतून मालक ऐकत होते. ते म्हणाले, "आण रे दोन्ही इकडे. एकाच बॅटरीत बुडवून बघू, कितीचा फरक पडतो."

मी आत गेलो, दुकानाची काच खुंटीवरून काढली आणि हातातून सोडली. फरशीवर चुरा झाला. "सुटली," मी म्हणालो. मालकांनी कपाळाला हात लावला. काका म्हणाले, "जाऊ दे हो. बिघडलेलीच होती."

महिना संपला तेव्हा मोठ्या बाईंनी काकांच्या मुलीला बोलावून सांगितलं की पुढल्या महिन्यापासून दुसरी बाई येईल. अकरा महिने ती एकदाही उशिरा गेली नव्हती. एक महिना राहिला होता. काका मला हे सांगायला आले नाहीत. मला ते बाबल्याकडून कळलं, कारण त्याची पुतणी त्या शाळेत होती. छाप्याचंही पुढे कळलं. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. ज्याच्या खोलीत पत्रकं होती, त्यानेच उत्साहाने एक पत्रक स्वतःच्या दारावर चिकटवलं होतं.

मुलगी मग घरीच शिवायला लागली. गाडीला जायला जागा उरली नाही. तरी दर शनिवारी काका ती दुकानासमोर आणून लावायचे. न वापरता ठेवल्या तर बॅटऱ्या मरतात. मी त्यांच्याच काचेने आकडा बघायचो आणि सांगायचो. ते कधी पडताळून बघायचे नाहीत. "तू बघितलंस ना? मग झालं." दर शनिवारी मी आज सांगू म्हणायचो, आणि दर शनिवारी क्लिपा सोडून बाजूला व्हायचो.

महाराष्ट्र झाला त्या दिवशी सगळं गिरगाव रस्त्यावर होतं. सकाळीच काका आले. मुलगी नवं लुगडं नेसून आत बसलेली, नळकांड्यात सोनचाफा. ते म्हणाले, "हिला शाळेपर्यंत फिरवून आणतो. मुली भेटतील. पोचेल ना रे?"

मी प्रत्येक बॅटरी तीनदा तपासली होती. "पोचेल. जाऊन परत येईल," मी म्हणालो.

त्यांनी पंजा आडवा धरून मध्यावर हात मारला आणि निघाले. मी दिवसभर पायरीवर बसून होतो. लोक गुलाल उधळत होते, पेढे वाटत होते, मालकांनी माझ्या तोंडात पेढा कोंबला तो मला गोड लागला नाही. उन्हं उतरली तेव्हा गर्दीतून काकांचा आवाज आला, "अहो, आलोय मी." काचेवर सगळीकडे लहान मुलींच्या गुलालाच्या हातांचे ठसे होते. मी बैठक उचलून आकडा बघितला. काकांनी वहीत लिहून घेतला आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

पुढे चारेक वर्षांनी काका गेले. मुलीने गाडी भंगारवाल्याला दिली, त्याने ती सुटी करून हातगाडीवर घालून नेली. मी समाचाराला गेलो तेव्हा ती मशीनवर बसलेली होती. म्हणाली, "बाबा म्हणायचे, दुकानातल्या त्या मुलासारखा खरा आकडा कुणी सांगत नाही." ती हे साधेपणाने म्हणाली की कसं, ते मी त्या दिवसापासून ठरवतो आहे. काकांना माहीत होतं आणि म्हणून त्यांनी ती ओळ मी वाचावी अशी लिहिली, की त्यांना खरंच काही कळलं नव्हतं? माझा स्वभाव असा, मला क्षमेचासुद्धा संशय येतो. आता ती बाईही नाही. म्हणून आज लिहायचं धाडस झालं, हेही कबूल करतो.

परवा लिफ्टमधला तो पुण्याचा मालक गाडी काढत होता. मी विचारलं, "जाऊन याल ना?" त्याने समोरचा आकडा दाखवला, शंभर. म्हणाला, "काका, हा खोटं सांगत नाही." मी घरी येऊन कपाटातली काच काढली. रबराचा फुगा केव्हाच वाळून चिरलाय, काच मात्र शाबूत आहे. तिच्याकडे बघितलं की मला दुसरी आठवते, फरशीवर फुटलेली. ती बिघडलेली नव्हती. त्या सकाळीही तिने अकराशे नव्वदच सांगितलं होतं.